मेडिसिनसाठी इथलंच सरकारी की पुण्याचं डीएनबी?

खानापूरकर: धाकटी बहीण एमबीबीएसनंतरची नीट पीजी परीक्षा देऊन बसलीय, जनरल मेडिसिनच करायचं म्हणून हटून. रँक अशी मधलीच की ऑल इंडिया कोट्यातनं बेळगाव-हुबळीकडं सरकारी कॉलेजात एमडी लागेल, नाहीतर पुण्यात मोठ्या खाजगी हॉस्पिटलात डीएनबी, म्हणजे हॉस्पिटलातनंच करायची एमडीसारखी पदवी. बाबा म्हणतात पुणे. मी म्हणतो इथंच, तीन वर्षं भरपूर पेशंट हाताखालनं गेले पाहिजेत. चुकत असेन तर सांगा.

शिनोळीचा डॉक्टर: चुकूलास की. मी सरकारीतनंच एमडी केलंय, कुठलं ते विचारू नका. पहिलं वर्ष निम्मं हमालीत गेलं, रक्ताच्या बाटल्या घेऊन लॅबला पळ, सिटी स्कॅनला पेशंटची ट्रॉली ढकल, रिपोर्ट हुडकत फिर. वॉर्डात साठ पेशंट असले म्हणून काय आपोआप शिकतोय काय? 'हे औषध का दिलंस' म्हणून विचारणारा कोणतरी लागतो, आणि आमचे सर राउंड पंधरा मिनिटांत उरकायचे. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तर मी पास झाल्यावर पैसे भरून शिकलो.

सेकंड इयरवाली: सर, हमाली खरी, पण पावसाळ्यात उसाच्या फडातनं साप चावून आलेला माणूस पुण्याच्या एसी हॉस्पिटलात कितीसा येणार? साध्या काचेच्या ट्यूबमध्ये २ मिली रक्त, २० मिनिटं हात न लावता ठेवायचं, गोठलं नाही की एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, चालू. फवारणीचं औषध प्यालेल्याला ॲट्रोपिन किती, तर छातीतली घरघर कोरडी होईस्तोवर, हे रात्रभर उशाला बसल्याशिवाय कळत नाही. खाजगीत पेशंट कन्सल्टंटचा असतोय, मोठ्या शिरेत सेंट्रल लाइनची नळी घालायला गेलं की नातेवाईक म्हणतात मोठ्या डॉक्टरना बोलवा.

निपाणीचा दादा: डीएनबीला कमी लेखू नका हं. तीन वर्षंच आहे, एमडीच्या बरोबरीचंच धरतात, थिअरीला सगळ्या देशाला एकच पेपर. डीएनबी करून डीएम कार्डिओ, म्हणजे पुढची हृदयरोगाची पदवी, केलेले कितीतरी आहेत.
आणि एक, तिला कन्नड येतंय काय? 'होट्टी नोवु', म्हणजे पोट दुखतंय, एवढ्यावर पेशंटची हिस्ट्री घेऊन होत नाही.

शिनोळीचा डॉक्टर: तेच म्हणतोय मी! मराठी शाळेतनं आलेल्या पोरीला कशाला त्रास, पुण्यात निदान भाषा तरी आपली.

सेकंड इयरवाली: सीमावाद वॉर्डात नको हो. माझ्याकडं एका बेडवर सौंदत्तीची अज्जी, शेजारी चंदगडचे मामा, पलीकडं गोव्यातनं आलेली कोकणी बाई. मीपण मराठी शाळेचीच, सहा महिन्यांत सिस्टरनी शिकवलं.

निपाणीचा दादा: बरं बाबा. पण कॉलेजच्या नावावर जाऊ नका, तिथल्या फर्स्ट इयरला फोन लावा. रात्री दोनला पेशंट बिघडला तर सिनियर उठून येतो की फोनवरच ऑर्डर देतो? एनएमसीच्या, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या, २०२३ च्या नियमांत आठवड्याला एक सुट्टी लिहिलीय, कामाच्या सोयीनं म्हणे, ती खरंच मिळतेय काय? आणि बाँड, म्हणजे सीट घेताना लिहून द्यायचा करार, सही करायच्या आधी वाचा, नंतर नव्हे.

खानापूरकर: बाबांना सगळं वाचून दाखवलं, ते अजून पुण्यालाच अडून बसलेत. बहीण म्हणाली, ड्युटी तुम्ही दोघं करणार काय? हुबळीत मेडिसिनला फर्स्ट इयरचं कोण ओळखीचं असेल तर नंबर इथं टाकू नका, मेसेज करा.