रेल्वेने चर्च गाडलं की उकरलं?

मिरासदार: कालपासून एक पोस्ट फिरतेय, "इंग्लंडात एचएस-टू रेल्वेसाठी नऊशे वर्षांचं चर्च जमीनदोस्त." अहो, स्टोक मँडेव्हिलचं हे सेंट मेरीज बांधलं 1080 च्या सुमारास. 1866 मध्ये गावानेच नवं चर्च बांधून याला वाऱ्यावर सोडलं, 1966 मध्ये उरलंसुरलं पाडलं. वर ढिगारा आणि झाडोरा. रेल्वे आली म्हणून तर तो कुणी उपसला! खाली जवळजवळ पाच फूट भिंती निघाल्या. 2021 मध्ये तर रोमन काळातले स्त्री-पुरुषाचे दगडी अर्धपुतळे मिळाले. पोस्टकर्त्याने यातलं एक अक्षर वाचलंय?

एल्सबरीकर: वाचलंय, शेजारच्या गावातच राहतो. उकरणं म्हणजे जपणं नव्हे. तिथून आता रेल्वे जाणार. सुमारे 3,000 माणसं पुरली होती, तीही हलवली.

भीमाकाठची: निदान हलवली तरी! आमचं गाव उजनीत गेलं तेव्हा हाडांचं कोण विचारतं, जित्यांनाच ट्रकमध्ये कोंबलं. पलसदेवचं देऊळ उन्हाळ्यात वर आलं की लोक होडीने सेल्फीला येतात. आमच्या घराचं जोतंही दिसतं तेव्हा. गेल्या वर्षी त्यावर कुणीतरी मासे वाळत घातले होते.

मिरासदार: ताई, विषय चर्चचा आहे.

भीमाकाठची: विषय गाडलेल्या गावाचा आहे. तुमचं गाडलं नाही म्हणून चर्च दिसतंय.

ऊसवाला: धरण नसतं तर सोलापूरने प्यायचं काय? उगाच रडगाणं.

भीमाकाठची: प्या की. आमच्या चुलीवरून आलेलं पाणी आहे. आणि सोलापूरचं नाव पुढे करू नका, त्यातलं किती उसाला जातं ते तुमचं नावच सांगतंय.

ऊसवाला: वैयक्तिक होऊ नका.

भीमाकाठची: घर बुडालंय हो माझं. अजून किती वैयक्तिक?

एल्सबरीकर: मिरासदार, एक कबूल. त्या ढिगाऱ्यात दोन दगड सापडले, मधोमध भोक आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या कोरलेल्या रेघा. कुणी म्हणतं भुताखेतांना अडवायची खूण, कुणी म्हणतं सावलीचं घड्याळ. खोदलं नसतं तर हा वादही झाला नसता. पण तुमचं पटलं असं समजू नका.

मिरासदार: नाही समजत. पाच टक्के दिलेत, तेवढे घेतो.

भीमाकाठची: आमचं जोतं कुणी खोदणार असेल तर कळवा. मे महिन्यात यावं लागेल.