निळ्या डब्यातलं नक्की रिसायकल काय होतं?

खटपटीताई:
आम्ही न्यू जर्सीत राहतो. दह्याचे डबे, बाटल्या, कॅन सगळं धुवून पुसून रिसायकलच्या निळ्या डब्यात टाकते आणि नवरा म्हणतो कशाला राबतेस, शेवटी लँडफिललाच (कचरा पुरतात तिथे) जातंय सगळं. पण पूर्वीपेक्षा तरी सुधारलं असेल ना? कुणाला आकडे माहितीयेत का?

रद्दीसम्राट:
दोघंही थोडे थोडे बरोबर 😀 ईपीएच्या (अमेरिकेचं पर्यावरण खातं) हिशोबात देशभरातल्या गावा-शहरांच्या कचऱ्यापैकी रिसायकल, कंपोस्ट धरून, १९६० ला जेमतेम ६ टक्के होतं, १९९० ला १६, २०१५ ला ३४.७ आणि २०१८ ला ३२.१, म्हणजे चढलं आणि अडकलं. पण ही सरासरी बघूच नका, ती कागदाच्या जिवावर उभी आहे. कागद-पुठ्ठा ६८ टक्के, त्यातही खोकी जवळजवळ सगळी, कारण दुकानं-गोदामांतून एकसारखे गठ्ठे येतात, आपल्या डब्याचा त्यात फारसा पराक्रम नाही. प्लॅस्टिक? २०१४ ला ९.५, २०१८ ला ८.७. त्यातल्या त्यात पाण्याच्या-कोकच्या बाटल्या २९ टक्के, बाकी आनंदच. आणि २०१८ पासून चीनने बाहेरचं सरमिसळ प्लॅस्टिक आणि रद्दी घेणं बंद केल्यावर तर इथल्या गावांची पंचाईतच झाली.

मिशिगनकर:
अ‍ॅल्युमिनियमच्या कॅनचं कुणी बोललंच नाही! १९९० ला साठ टक्क्यांच्या वर रिसायकल होत होते ते २०१८ ला ५० वर आले, आणि अ‍ॅल्युमिनियमला तर चांगला भाव आहे. आमच्याकडे कॅनमागे १० सेंट डिपॉझिट आहे (घेताना भरायचं, रिकामा कॅन दिला की परत मिळतं) त्यामुळे कोविडआधी नव्वद टक्क्यांच्या आसपास परत यायचे, दुकानातल्या मशीनसमोर पोरं पोतं घेऊन रांगेत असतात. न्यू जर्सीत डिपॉझिटच नाही, मग कोण कशाला उचलेल.

पेठेतला:
हेच तर. इथे पुण्यात भंगारवाला रद्दी, पत्रा, बाटल्या किलोवर घेतो, वेफर्सची पाकिटं दाखवली की मान हलवतो. त्याला टक्केवारी नको, भाव पाहिजे.

खटपटीताई:
मग दह्याचे डबे धुवू की नको??

रद्दीसम्राट:
तुमच्या टाउनशिपच्या (तिथली नगरपालिका) यादीत ५ नंबर (डब्याच्या तळाशी छापलेला प्लॅस्टिकचा प्रकार) असेल तर धुवा, नसेल तर सरळ कचऱ्यात. खोकी चपटी करून कोरडी ठेवा. आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या मात्र अजिबात टाकू नका, त्या सॉर्टिंग मशीनच्या चाकांना गुंडाळतात आणि मग अख्खी लाइन थांबवून माणसं सुरीने कापत बसतात.