बाहेर काढलेल्या माणसाने जमातीचा हिशेब मागायचा की नाही?

पानशेत

दाऊदी बोहरा या शिया मुसलमान जमातीतून बाहेर पडलेले किंवा काढलेले लोक गेली शंभर वर्षं एकच मागणी लावून धरत आहेत: दाईंच्या (जमातीच्या सर्वोच्च धर्मगुरूंच्या) नावाने आणि जमातीच्या नावाने जो पैसा गोळा होतो, त्याचा हिशेब समाजापुढे ठेवा. त्यांना उत्तरही ठरलेलं मिळतं, "तुम्ही आता आमचे राहिला नाहीत, तुमचा काय संबंध?" माझ्या मते हिशेब आणि बहिष्कार हे एकच प्रकरण आहे. बहिष्कार टाकण्याचा अधिकार शाबूत आहे तोवर आतला माणूस हिशेब मागायला धजत नाही, आणि मागितलाच तर तो आत राहत नाही.

ज्यांना ही व्यवस्था ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वयात येताना प्रत्येक मुलामुलीकडून मिसाक घेतात, म्हणजे दाईंच्या आज्ञेत राहण्याची शपथ. निकाह, दफन, जमातखान्यातलं कार्य, सगळ्याला रझा म्हणजे परवानगी लागते आणि ती गावच्या आमिलकडून, म्हणजे दाईंच्या स्थानिक प्रतिनिधीकडून मिळते. आमिलची नेमणूक आणि बदली वरून होते, जमात त्याला निवडत नाही. घरटी सबील, रमजानातलं वाजेबात, फितरा, खुम्स, नजराणा अशा अनेक नावांनी पैसा जातो. आता ज्याच्याकडे वर्गणी भरायची, त्याच्याच हातात मुलीच्या निकाहाची परवानगी असेल तर "मागच्या वर्षीच्या पैशाचं काय झालं?" हे कोण विचारणार?

न्या. नरेंद्र नथवानी यांच्या आयोगाने १९७९ च्या अहवालात बहिष्कृतांचं हे तुटलेपण नोंदवलं आहे: नातेवाईक भेटत नाहीत, धंदा बसतो, मेल्यावर कब्रस्तान मिळत नाही. मुंबई प्रांताने त्याच्या कितीतरी आधी, १९४९ मध्ये बहिष्कारविरोधी कायदा केला होता. ५१ वे दाई सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो रद्द केला. विरोधी मत एकट्या सरन्यायाधीश सिन्हांचं. त्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून १९८६ मध्ये याचिका दाखल झाली. १० फेब्रुवारी २०२३ ला ती नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवली गेली. एका प्रश्नासाठी माणसांची अख्खी पिढी खर्ची पडली आहे.

ओसरी

पानशेत, मांडणी नेटकी आहे, पण एकतर्फी आहे.

पहिली गोष्ट, नथवानी आयोग सरकारी नव्हता. 'सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी' या संघटनेने तो नेमला होता. त्यातल्या साक्षी खोट्या होत्या असं मी म्हणत नाही, पण न्यायालयातल्यासारखी उलटतपासणी तिथे झालेली नाही.

दुसरी गोष्ट, अनुच्छेद २६ (ब) प्रत्येक पंथाला धर्माच्या बाबतीत आपला कारभार आपण पाहण्याचा हक्क देतं. शपथ मोडणाऱ्याला बाहेर काढता येत नसेल तर शपथेला अर्थ काय उरला? १९६२ च्या बहुमताने नेमकं हेच म्हटलं आहे. कॅथॉलिक चर्चलाही बहिष्कृत करण्याचा अधिकार आहे, त्यावर कुणी धागे काढत नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. आज घरोघरी जमातीच्या स्वयंपाकघरातून थाळी जाते. कर्दन हसना म्हणजे बिनव्याजी कर्ज मिळतं आणि त्यातून शेकडो दुकानं उभी राहिली आहेत. भेंडी बाजारातल्या साडेसोळा एकरांचा पुनर्विकास समाजाच्याच ट्रस्टने हाती घेतला. पैसा कुठे जातो ते देणाऱ्याला डोळ्यांनी दिसतं. ज्याने देणं बंद केलं त्याने ताळेबंद मागायचा, हे मला पटत नाही.

नळबाजार

ओसरी, थाळी घरी येते हे खरं आहे आणि तिची किंमत मी कमी लेखत नाही. पण चांगला खर्च होणं वेगळं आणि हिशेब देणं वेगळं. विश्वस्ताने एकेक रुपया सत्कारणी लावला तरी वही दाखवण्यातून तो सुटत नाही.

आणि हा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयात पूर्वीच लढला गेलेला आहे. चांदाभाई गल्ला खटला: मुंबईतल्या चांदाभाईंच्या कबरीपाशी ठेवलेल्या गल्ल्यात, म्हणजे दानपेटीत, भाविक पैसे टाकत. त्या पैशावर दाईंची पूर्ण मालकी आहे आणि ते कुणाला हिशेब देणं लागत नाहीत, अशी बचावाची भूमिका होती. १९२१ मध्ये न्या. मार्टिन यांनी ती फेटाळली. गल्ला हा धर्मादाय न्यास आहे, दाई त्याचे विश्वस्त आहेत आणि विश्वस्त म्हणून ते उत्तरदायी आहेत, असा निकाल दिला. पाठपुरावा करणारे होते सर आदमजी पीरभाईंच्या घराण्यातले लोक. माथेरानची छोटी गाडी बांधली तेच हे घराणं.

यातली खरी गोम पुढे आहे. तो दावा कुणा नाराज भाविकाच्या नावावर नव्हता. वादी होते मुंबईचे ॲडव्होकेट जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य कायदा अधिकारी. त्यामुळे "तुमचा काय संबंध?" हा प्रश्नच उभा राहिला नाही.

दस्तऐवज

नळबाजार यांनी नस पकडली. आजच्या कायद्यात हाच अडसर कसा येतो ते सविस्तर लिहितो, कारण बरेच अर्ज गुणवत्तेपर्यंत पोचायच्या आधीच इथे पडतात.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २(१०) मध्ये 'हितसंबंध असलेली व्यक्ती' कोण ते दिलं आहे. वक्फ असेल तर तिथे लाभाचा किंवा उपासनेचा हक्क असलेला, सोसायटी असेल तर सभासद, इतर न्यासात विश्वस्त किंवा लाभार्थी. विश्वस्ताला कलम ४१-ड खाली दूर करण्याचा अर्ज याच माणसाला करता येतो. न्यासाच्या कारभाराविषयी कलम ५० चा दावा लावायचा तर असे किमान दोन जण हवेत आणि वर कलम ५१ खाली धर्मादाय आयुक्तांची लेखी संमती हवी. बहिष्कृताला समोरची बाजू पहिल्याच तारखेला विचारते की तुमचा हितसंबंध दाखवा.

म्हणून पहिला कागद न्यासपत्राचा काढायचा. लाभार्थी 'दाऊदी बोहरा समाज' असे लिहिलेत की 'दाईंच्या आज्ञेत असलेले' अशी अट आहे, यावर सगळं अवलंबून आहे. पहिल्या प्रकारात बहिष्कृतही लाभार्थी असल्याचा दावा टिकवता येतो, कारण मिसाक मोडला असा आरोप झाला म्हणून जन्म आणि श्रद्धा पुसली जात नाही. दुसऱ्या प्रकारात वाट फार अरुंद.

मग परिशिष्ट १ चा, म्हणजे न्यासाच्या नोंदवहीचा उतारा घ्या (मुसलमान न्यासांचे क्रमांक 'ब' मालिकेत असतात). त्यावरून विश्वस्त कोण, स्थावर मालमत्ता कोणती ते कळतं. विश्वस्त बदलला की कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. अनेक न्यासांत तो वर्षानुवर्षं दिलेला नसतो, आणि मग नोटीस कुणाला बजावायची इथपासून घोळ सुरू होतो.

त्यानंतर लेखापरीक्षण अहवाल, एका वर्षाचा नव्हे, सलग पाच-सात वर्षांचे. परिशिष्ट ८ म्हणजे ताळेबंद, परिशिष्ट ९ म्हणजे उत्पन्न-खर्च. आकड्यांआधी नियम १९ खालचं लेखापरीक्षकाचं निवेदन वाचा. रोख शिल्लक आणि पावत्या जुळल्या का, विश्वस्त न्यासाचे देणेकरी आहेत का, पैसे कलम ३५ सोडून भलतीकडे गुंतवले का, याची उत्तरं तिथे द्यावीच लागतात. सगळीकडे नुसतं 'नाही' किंवा 'लागू नाही' लिहिलेला अहवाल दिसला तर तोच धागा पकडायचा. पैसा एका न्यासातून दुसऱ्याला 'देणगी' म्हणून गेला असेल तर त्या दुसऱ्या न्यासाचीही फाइल काढावी लागते, नाहीतर माग तिथेच तुटतो.

विश्वस्तांकडे हे मागत बसू नका. धर्मादाय कार्यालयात दाखल झालेल्या कागदांच्या प्रमाणित प्रती तिथेच अर्ज करून मागा. माहिती अधिकारातही मागता येतात: १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत, नाही मिळालं तर ३० दिवसांत पहिलं अपील. मात्र 'सर्व हिशेब द्यावेत' असा मोघम अर्ज केला तर तो हमखास अडकतो. नोंदणी क्रमांक, वर्ष आणि परिशिष्ट लिहूनच मागा.

आणखी एक जागा जिथे वर्ष-दोन वर्षं वाया जातात, ती म्हणजे चुकीचं कार्यालय. समोरून आक्षेप येतो की हा न्यास नाही, वक्फ आहे, वक्फ मंडळाकडे जा. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितलं की मुसलमानाने केलेला प्रत्येक धर्मादाय न्यास आपोआप वक्फ होत नाही. २०२५ च्या दुरुस्तीने सार्वजनिक न्यासांच्या कायद्याखाली नियमन होणारे असे न्यास वक्फ कायद्याबाहेर ठेवले आहेत. हे दोन्ही मुद्दे पहिल्याच अर्जात घाला, आक्षेप येण्याची वाट पाहू नका.

पानशेत

म्हणजे १९१७ ते २१ मध्ये ॲडव्होकेट जनरलनी जे केलं ते आज धर्मादाय आयुक्त स्वतः करू शकतात का?

दस्तऐवज

हो. कलम ५० खाली आयुक्तांना स्वतः दावा लावता येतो आणि कलम ३७ खाली तपासणीचे अधिकार आहेत. बाहेर काढलेल्यांनी आपल्या नावाचा दावा लढवण्यापेक्षा आयुक्तांपुढे नेमके कागद ठेवून 'तुम्ही तपासा' म्हणणं जास्त पदरात पाडतं. तिथे हितसंबंधाचा वाद गौण होतो.

ओसरी

चांदाभाई खटला ठरावीक मालमत्तेपुरता होता, हे सांगायला हवं. भाविकाने सलाम करताना दाईंच्या हातात श्रद्धेने ठेवलेली रक्कम ही त्या व्यक्तीला दिलेली भेट आहे, गल्ल्यात टाकलेला पैसा नव्हे. तिच्यावर धर्मादाय कार्यालयाचा अधिकार कसा चालेल? आणि देणाऱ्याची तक्रार नसताना तिसऱ्याने का विचारावं?

नळबाजार

खरी भेट असेल तर चालणार नाही, मान्य. पण भेट म्हणजे ज्याची रक्कम देणारा ठरवतो आणि न दिल्याने काही अडत नाही. आकडा वरून सांगितला जात असेल आणि बाकी राहिल्यावर रझा अडत असेल तर ती वर्गणी झाली, तिला नाव काहीही द्या. पावती कुणाच्या नावाची मिळते तेवढं पाहा: न्यासाची, व्यक्तीची, की मिळतच नाही. देणाऱ्याने चेकने किंवा खात्यातून द्यावं आणि पावतीवर न्यासाचा नोंदणी क्रमांक मागावा. एवढ्यावरून कुणी कुणाला जमातीतून काढत नाही, पण पुढे हिशेब मागायचा तर पाया पडलेला असतो.

"देणाऱ्याची तक्रार नाही" म्हणता, तर १९४७ चा प्रिव्ही कौन्सिलचा निकालही वाचा, बऱ्हाणपूरचं प्रकरण. दाईंना बहिष्काराचा अधिकार आहे हे त्यात मान्य केलं आहे, पण तो मनमानी नाही असंही म्हटलं आहे. आधी ताकीद, सुधारायची संधी, आणि जमातीच्या सभेत कारणं उघड सांगून मगच काढणं. ही रीत पाळलीच नाही म्हणून तिथला बहिष्कार टिकला नाही. म्हणजे तुमच्या बाजूच्या कायद्यातसुद्धा जाब देण्याची पद्धत आहे. आज काढलेल्या किती जणांच्या हातात कारणं लिहिलेला कागद पडतो?

सांजवात

मला वेगळीच शंका आहे. २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा महाराष्ट्रात आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत खटला संपवायचा. धर्म आणि पंथ दोन्ही त्यात येतात, नुसत्या जातपंचायती नाहीत. मग धर्मादाय कार्यालयाच्या पायऱ्या कशाला झिजवायच्या? सरळ पोलीस ठाणं गाठावं.

ओसरी

सांजवात, चुलतभावाने जेवायला बोलावलं नाही म्हणून त्याला तुरुंगात घालणार का? माणसं आपल्या श्रद्धेपायी कुणाशी संबंध तोडतात. तो त्यांचा हक्क आहे. कुठलंही सरकार प्रेमाने वागायची सक्ती करू शकत नाही.

दस्तऐवज

ओसरींचा मुद्दा निम्मा बरोबर आहे आणि फिर्यादी नेमक्या तिथेच फसतात. चुलतभाऊ स्वतःहून आला नाही तर गुन्हा नाही. 'त्याच्याकडे जाल तर तुमचाही निकाह अडेल' असं कुणी सांगितलं असेल तर तो गुन्हा आहे. फिर्यादीत 'आमच्यावर बहिष्कार टाकला' एवढंच लिहिलं तर या दोन्हींतला फरक दिसत नाही आणि प्रकरण ढिलं पडतं.

त्यामुळे प्रत्येक प्रसंग सुटा लिहा: तारीख, जागा, कोण बोललं, कोणासमोर. नकार तोंडी असतो, म्हणून मागणी लेखी करा. निकाहाचा, सभागृहाचा, दफनाच्या जागेचा अर्ज स्पीड पोस्टने पाठवून पोहोच जपून ठेवा. उत्तर आलं नाही तरी ते मौन पुढे उपयोगी पडतं. व्हॉट्सॲपच्या संदेशाचं नुसतं छायाचित्र पुरत नाही. मूळ फोन सांभाळा, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र दोन्ही भागांसह लागतं, त्यातला दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो.

मुदत विसरू नका. तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला तीनच वर्षांची मर्यादा आहे. समेट होईल या आशेने लोक थांबतात आणि सगळ्यात ठोस प्रसंग मुदतीबाहेर जातो. शिवाय गुन्हा जामीनपात्र आहे आणि न्यायालयाच्या परवानगीने तडजोड होऊ शकते. म्हणजे फिर्याद दिल्या दिवसापासून घरच्यांमार्फत दबाव सुरू होतो. आई-वडील आत असतील तर तो सहन करणं किती कठीण असतं हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको.

सांजवात

मग हिशेब मागणाऱ्याने आधी काय करावं, फिर्याद की अर्ज?

दस्तऐवज

अर्ज, आणि तोही आत असतानाच. बहिष्कार पडण्याआधी न्यासपत्र आणि लेखापरीक्षण अहवालांच्या प्रती हातात असल्या तर हितसंबंधाचा आक्षेप कमजोर होतो, कारण मागणी केली त्या दिवशी तुम्ही लाभार्थी होता हे कागदावर असतं. आणि अर्जानंतर आठ-पंधरा दिवसांत रझा थांबली तर दोन्ही तारखा शेजारी ठेवून फिर्यादही उभी राहते.

ओसरी

नऊ न्यायाधीशांनी १९६२ चा निकाल कायम ठेवला तर ही फिर्याद कुठे उभी राहणार? २०१६ च्या कायद्याचं बहिष्काराबाबतचं कलमही त्याच कसोटीवर तपासलं जाईल.

दस्तऐवज

जाईल, तो धोका खरा आहे. पण १९६२ च्या निकालाने बहिष्काराचा अधिकार राखला, हिशेब न देण्याचा नाही. न्यासाचे हिशेब दरवर्षी ३१ मार्चला बंद करून तपासून घेण्याचं बंधन त्या निकालाच्या दुसऱ्या दिवशीही होतंच.