कोजागिरीचा चंद्र, ३००ची लेन्स (सोसायटीतल्या गप्पा, फ्लॅट नंबरांसह)

बी-५०४: कोजागिरीला गच्चीवर चंद्राचा फोटो काढायचाय. ३०० मिलिमीटरची लेन्स, क्रॉप (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर. ऑटोवर नुसता पांढरा गोळा येतो, काय करू?

ए-२०१: ऑटो सोडा, एम (मॅन्युअल) मोडवर या. फ्रेममध्ये जवळजवळ सगळा काळोखच, म्हणून कॅमेरा उजेड वाढवत जातो. चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला खडक, त्याला उन्हाचंच एक्स्पोजर लागतं. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८, शटर १/२०० सेकंद, इथपासून सुरू करा, मग शटर थोडं खाली-वर करून चार-पाच काढा. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. यूव्ही फिल्टर काढा, नाहीतर बाजूला फिकट दुसरा चंद्र उमटतो.

सी-१०३: ३००वर चंद्र केवढा येईल हो?

ए-२०१: ताई, फोकल लेंग्थला ११०ने भागा. सेन्सरवर जेमतेम पावणेतीन मिलिमीटर, म्हणजे फ्रेमच्या उंचीच्या सहाव्या हिश्श्याहून किंचित जास्त. नंतर फोटो कापून (क्रॉप) मोठा करावाच लागणार, त्यामुळे सगळा खेळ शार्पनेसचा.

ए-६०१: आणि तो जातो हादऱ्यांनी. ट्रायपॉडची मधली दांडी वर काढू नका. स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई करणारी सोय) बंद. टायमर १० सेकंदांचा लावा. बटण दाबल्यावर दोन सेकंदांनीही लांब लेन्स थरथरत असू शकते.

बी-५०४: काका, फोकस अनंताच्या खुणेवर ठेवला तर चालेल ना?

ए-६०१: नाही चालणार. बऱ्याच टेलिफोटो (लांब पल्ल्याच्या) लेन्स त्या खुणेच्या पुढेही फिरतात, तापमानाने फोकस सरकतो म्हणून तशी जागा ठेवलेली असते. मॅन्युअलवर जा, लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं थेट चित्र) १० पट मोठा करा आणि टायको विवर शोधा, ज्यातून पांढरे पट्टे सगळीकडे फुटलेत ते. रिंग अगदी हळू फिरवा, पट्टे धूसर व्हायला लागले की जरा मागे या. चंद्राची कड वाहत्या पाण्याखालच्या नाण्यासारखी हलताना दिसेल. तो लेन्सचा दोष नाही, हवेचा आहे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडतो. शिवाय चंद्र ३० अंशांवर असताना डोक्यावरच्या दुप्पट हवेतून बघावं लागतं. अकरानंतरच काढा, आणि एकाच फ्रेमवर न थांबता वीस-पंचवीस घ्या. हवा क्षणभर ठरते तेव्हाची एखादी लख्ख निघते.

डी-४०२: विवरं मात्र सपाटच दिसणार. पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात. खोलगटपणा हवा असेल तर शुद्ध अष्टमीच्या आसपास काढा.

सी-१०३: एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट वर आणला तर काच धुरकट होते, ते?

ए-२०१: अर्धा तास आधी बॅगेसकट वर आणून ठेवा, लगेच उघडू नका. हूड लावलेलंच राहू दे, दवाला तेवढाच आडोसा.

ए-६०१: टाकीचा पंप चालू असला की स्लॅबही थरथरतो. साडेदहापर्यंत टाकी भरून घेऊ, मग तासभर पंप बंद.

डी-४०२: चालेल. दुधाची शेगडीही जिन्याच्या बाजूला मांडू, वाफ आणि गरम हवा लेन्ससमोर नको.