थ्री नॉट थ्रीच्या उजव्या अंगाची रिकामी फट

प्रश्न:
1988 साली साताऱ्यात कॉलेजला असताना एनसीसीत होतो. परेड झाली की रायफल पुसून कोतात, म्हणजे शस्त्रांच्या खोलीत, जमा करायची. माझ्या थ्री नॉट थ्री रायफलीला उजव्या बाजूला, बोल्टच्या (गोळी नळीत सरकवणाऱ्या दांड्याच्या) खाली, एक आडवी फट होती. आत काहीच नाही, नुसती धूळ. चिंदीचं टोक घालून ती काढायचो. उस्तादांना विचारलं तर म्हणाले, "पुराना माल है, छोड़ो." गेल्या महिन्यात एका प्रदर्शनात जुनी ली एनफिल्ड, म्हणजे तीच थ्री नॉट थ्री, पाहिली. तिच्या त्या फटीत पोलादी पट्टी होती आणि डाव्या अंगाला लाकडावर आकड्यांची तबकडी. हे कशासाठी असायचं?

प्रतिसाद 1:
दादा, बावीस वर्षं आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो, म्हणून सविस्तर लिहितो. ती पट्टी म्हणजे मॅगझिन कट-ऑफ; मॅगझिन म्हणजे रायफलीखालची गोळ्यांची पेटी. आत ढकलली की मॅगझिनच्या तोंडावर झाकण बसतं. जवानाने हाताने एकेक गोळी भरून फायर करायचं आणि खालच्या दहा गोळ्या निकराच्या वेळेसाठी राखायच्या. मॅगझिन हाती दिलं तर शिपाई गोळ्या उधळतील, ही वरिष्ठांची धास्ती. पण पाच-पाच गोळ्यांच्या क्लिपा आल्या, मॅगझिन काही सेकंदांत भरायला लागलं. 1914 ला ब्रिटिश शिपाई मिनिटाला पंधरा नेमके फायर करत होते. तिथे पट्टीचं काय काम?

तबकडी व्हॉली साइटची, म्हणजे लांबवर नेम धरायच्या साधनाची. तिच्यावरचा काटा 2800 यार्डांपर्यंत जातो, म्हणजे अडीच किलोमीटरच्या वर! एवढ्या लांबून एक माणूस टिपता येत नाही. सगळ्या तुकडीने हुकमावर एकदम फायर करायचं, समोरच्या जमावावर गोळ्यांचा पाऊस पाडायचा. हे काम पुढे मशीनगनने घेतलं.

पहिल्या महायुद्धात रायफली भराभर हव्या होत्या. 1907 च्या मार्क थ्री या मॉडेलमधून 1916 ला दोन्ही भाग वगळले. पट्टी गेली, तरी बऱ्याच बॉडींना फट राहिली. तुमची त्यातलीच. आणि "पुराना माल" म्हणून कोणी असे भाग काढून फेकतं तेव्हा मला फार वाईट वाटतं. एकदा भंगाराच्या पेटीत मला अशी पट्टी सापडली होती. अंगठा लागून लागून तिची कड गुळगुळीत झालेली.

प्रतिसाद 2:
नळीच्या तोंडाशी एक छोटी कडीही असते, तीही बघा. मुक्कामाला तीन रायफली तिथे एकमेकींत अडकवून उभ्या करायच्या, कडब्याच्या पेंढ्या टेकवतात तशा. मातीत पडायला नकोत म्हणून.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. दोन वर्षं ती फट साफ केली, छत्तीस वर्षांनी कळलं कशाची ते. रविवारी मुलीला घेऊन पुन्हा जातोय. पट्टी आत ढकललेली होती की बाहेर, ते पाहायचंच राहिलं.