मदत हवी आहे : अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची घरी काळजी, सरकारी मदत नक्की कुठून मिळते?

नमस्कार मंडळी, जाणकारांनी प्लीज सांगा. अण्णा ७६ वर्षांचे, एसटीत कंडक्टर होते. दिवाळीनंतर स्ट्रोक आला, उजवी बाजू पूर्ण गेली आणि बोलणंही गेलं. ७० च्या पुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड आधीच काढलेलं होतं, त्यामुळे दवाखान्यात होते तोवर आम्हाला पैशाची चिंता पडली नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ही योजना आली, उत्पन्नाची अट नाही, ५ लाखांपर्यंत खर्च, खरंच मोठा आधार आहे. पण डिस्चार्ज झाला, पुढच्या १५ दिवसांची औषधं मिळाली आणि कार्डाचं काम तिथे संपलं. आमचे हाल तिथून सुरू झाले.

आई-अण्णा कोरेगाव तालुक्यात गावी असतात, मी पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार जाते. आई ६९ ची, तिचे गुडघे गेलेत. दर दोन तासांनी कूस बदलायची, त्यासाठी जुनी सुती साडी चौपदरी घडी करून अण्णांच्या पाठीखाली घातलीय, एकीकडून आई आणि दुसरीकडून शेजारच्या काकी धरून ओढतात तेव्हा ते कुशीवर होतात, मग पाठीला उशी. रात्री काकी नसतात तेव्हा आई एकटीच ओढते. एवढं करून माकडहाडावर बेडसोर झालाच, रुपयाएवढा. नाकातल्या नळीने भरवणं, लघवीची पिशवी, डायपर, सगळं तीच करते आणि फोनवर मला म्हणते, बरं चाललंय.

साताऱ्याच्या एका ब्युरोकडून बाई ठेवून बघितली, १२ तासांचे ८०० रुपये म्हणजे महिन्याचे २४ हजार, वर डायपर, ड्रेसिंग, फिजिओ वेगळं. अण्णांची ईपीएस-९५ ची (प्रॉव्हिडंट फंडाची) पेन्शन आहे महिना २,९०० रुपये. बाईंना नळी लावलेल्या पेशंटचं ट्रेनिंग आहे का विचारलं तर ब्युरोवाले म्हणाले, येईल करता करता. बिचाऱ्या बाई कष्टाळू होत्या, पण त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं.

श्रावणबाळ योजनेचं विचारलं तर उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार, अण्णांची पेन्शनच त्याच्या वर जाते. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ३ हजार मिळतात, तेही एकदाच. ७५ च्या पुढे एसटी फुकट आहे, तीर्थदर्शन योजना आहे, चष्मा-काठी-श्रवणयंत्र आहे. सगळं चालत्याफिरत्या माणसासाठी आहे हो. जो कुशीवरसुद्धा वळू शकत नाही त्याचं काय? दवाखान्यातल्या खाटेचे पैसे सरकार भरतं, मग तोच माणूस त्याच अवस्थेत घरच्या खाटेवर आला की तो फक्त त्याच्या बायकोचा आणि मुलीचा प्रश्न का होतो? २०१९ च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत ज्येष्ठांच्या कायद्याचं दुरुस्ती विधेयक आलं होतं, त्यात घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणार होते. ते पासच झालं नाही, २०२४ ला लोकसभा विसर्जित झाली तेव्हा बारगळलं.

तर मला विचारायचंय की सरकारी नर्स किंवा फिजिओ घरी येण्याची काही सोय आहे का, अपंगत्वाचा दाखला काढून काही उपयोग होतो का, आणि सही करता येत नाही तर बँकेतून पेन्शन कशी काढायची. वृद्धाश्रम सुचवू नका, अंथरुणावरचा पेशंट म्हटलं की बरेच जण नाहीच म्हणतात आणि आईही ऐकणार नाही.

रानजाई : ताई, मी आरोग्यसेविका होते. आधी बेडसोरचं बघा. साडी ओढू नका, दोघींनी थोडं उचलून सरकवा, ओढताना कातडी घासते आणि जखम वाढते. हवेची गादी आणाच, पण ती आणली म्हणून कूस बदलणं थांबवायचं नाही. आता सोयीचं. एनपीएचसीई म्हणून ज्येष्ठांचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम २०१० पासून आहे, त्यात अंथरुणावरच्या रुग्णाला घरी जाऊन बघायचं हे लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात मागितल्याशिवाय कुणी येत नाही, सिस्टरकडे आधीच ढीगभर कामं असतात. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मेडिकल ऑफिसरच्या नावाने लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची (दुखणं-त्रास कमी करणाऱ्या सेवेची) पण चौकशी करा, ती फक्त कॅन्सरवाल्यांसाठी नसते. केरळने २००८ मध्ये पॅलिएटिव्हचं धोरण केलं, तिथे पंचायतीमार्फत नर्स घरोघर जातात. अंथरुणावरच्या माणसाला सांभाळणाऱ्यासाठी तिथे आश्वासकिरणम योजनेत महिना ६०० रुपये आहेत. रक्कम लहान आहे पण ती सांभाळणाऱ्या बाईच्या नावाने आहे, मला त्याचं मोल वाटतं.

हिशेबनीस : दाखला नक्की काढा. स्ट्रोकनंतर साधारण सहा महिने थांबायला सांगतात, तोवर कागद गोळा करा. यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्डही काढा, बहुतेक सवलतींना ४०% किंवा जास्त अपंगत्व लागतं. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५% दिव्यांगांवर खर्च करावे लागतात, ग्रामसेवकांना अर्ज द्या, ग्रामसभेत विषय काढा. तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर प्राप्तिकरात दिव्यांग आश्रितासाठी (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डीडी) ७५ हजार, ८०% च्या वर असेल तर सव्वा लाख वजावट मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २४ मध्ये जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहकाचा भत्ता लिहिलेला आहे, समाजकल्याणला लेखी विचारा. बँकेचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घ्यायचा, त्यातला एक बँकेचा अधिकारी. हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून घरूनच होतो.

पाईनवन : मी जर्मनीत या क्षेत्रात काम करते. इथे १९९५ पासून सेवेचा वेगळा विमा आहे, पगारातून कापतात. माणसाला किती मदत लागते ते घरी येऊन बघतात, १ ते ५ पायऱ्या आहेत, आणि घरच्यांनी सांभाळलं तर दुसऱ्या पायरीपासून रोख पैसे मिळतात, २०२५ मध्ये ३४७ ते ९९० युरो. सांभाळणाऱ्याच्या पेन्शनमध्येही भर पडते. इथेही माणसं कमी पडतात, सगळं छान नाही, पण बायकोने केलेली सेवा हे काम आहे हे कायद्याने मान्य केलंय. आपल्याकडे हे मागायला हवं, आमदारांना पत्र लिहायला हवं.

धागाकर्ती : सगळ्यांचे मनापासून आभार. रानजाईताई, आईला आत्ताच फोन करून उचलून सरकवायचं सांगितलं. आरोग्य केंद्राचा अर्ज सोमवारी रजा काढून स्वतः देणार आहे. कोरेगाव-रहिमतपूर भागात घरी येणारे फिजिओ कुणाच्या ओळखीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि वापरात नसलेली हवेची गादी कुणाकडे असेल तर भाड्याने घ्यायची तयारी आहे, गाडी घेऊन येईन.