पेस्ली, अ‍ॅडम्स, ह्यूम : इतकी वर्षं पक्ष ताब्यात कसा राहिला?

रावपुरेकर
दांडिया बाजारात आमचं वाचक मंडळ भरतं, तिथे पुढच्या महिन्यात उत्तर आयर्लंडवर मला बोलायचंय. टिपणं काढतोय. इयन पेस्लींनी १९७१ साली डीयूपी हा ब्रिटनशी जोडून राहू पाहणारा प्रोटेस्टंट पक्ष काढला आणि २००८ पर्यंत तेच प्रमुख. जेरी अ‍ॅडम्स १९८३ ते २०१८ शिन फेनचे, म्हणजे अखंड आयर्लंड मागणाऱ्या आणि आयआरए या सशस्त्र संघटनेशी जोडलेल्या पक्षाचे, अध्यक्ष. जॉन ह्यूम १९७९ ते २००१ एसडीएलपीचे, म्हणजे अखंड आयर्लंड शांततेच्या मार्गाने मागणाऱ्या पक्षाचे, नेते. यांना हटवायला कुणी धजावलंच नाही का?

मांडवीचा वाचक
धजावले की! अल्स्टर युनियनिस्ट या ब्रिटनवादी पक्षाचे मॉलिनो १९७९ पासून नेते होते. १९९५ मध्ये एक विद्यार्थी त्यांच्याविरुद्ध उभा राहिला. हरला, पण त्याच वर्षी मॉलिनो पायउतार झाले. अ‍ॅडम्सचं उलट झालं. डब्लिनच्या, म्हणजे स्वतंत्र आयर्लंडच्या, संसदेत बसायचं नाही ही जुनी आण १९८६ मध्ये त्यांनी मोडायला लावली, तेव्हा विरोधकच पक्ष सोडून गेले. पेस्लींकडे तर दोन गाद्या. १९५१ मध्ये त्यांनी स्वतःचं चर्चही काढलं होतं. २००७ मध्ये शिन फेनबरोबर सरकारात बसले, तर आधी चर्चचं प्रमुखपद गेलं, मग पक्षाचं.

पतपेढीवाल्या ताई
रावपुरेकर काका, ह्यूमना तीन नावांच्या यादीत उरकू नका, एवढी विनंती. मी इथे बडोद्यात पतपेढीच्या खिडकीमागे बसून नोकरी केली. शाळेची फी भरायला छोटं कर्ज मागणारा माणूस अर्ज पुढे सरकवताना मान वर करत नाही, हे रोज पाहिलंय. ह्यूम उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहराचे, शाळामास्तर. १९६० मध्ये गावात क्रेडिट युनियन उभी करणाऱ्यांत ते होते, म्हणजे आपली पतपेढीच. नोबेल मिळाल्यावरही, आयुष्यात सगळ्यात जास्त अभिमान त्याच कामाचा, असं ते सांगत. लोक त्यांना वर्षानुवर्षं मत का देत होते, ते मला इथे कळतं.

आणि १९८८ पासून ते अ‍ॅडम्सशी बोलायला बसले. स्वपक्षीय नाराज, डब्लिनचे काही पेपरवाले तुटून पडले. पण १९९४ ला आयआरएची शस्त्रसंधी झाली, १९९८ ला गुड फ्रायडे हा शांतता करार. किंमत पक्षाने मोजली. २००३ च्या उत्तर आयर्लंड विधानसभेच्या निवडणुकीत शिन फेनला २४ जागा, एसडीएलपीला १८.

मांडवीचा वाचक
ताई, पलीकडे ब्रिटनवाद्यांतही तेच. मॉलिनोंनंतरचे नेते, ह्यूमबरोबर नोबेल घेणारे ट्रिंबल २००५ मध्ये स्वतःची जागा हरले. करारावर आग पाखडणारे पेस्ली दोनच वर्षांत उत्तर आयर्लंड सरकारच्या मुख्य खुर्चीवर.

रावपुरेकर
मग व्याख्यानाचा क्रमच बदलतो. पेस्लींपासून सुरुवात करणार होतो, आता डेरीच्या पतपेढीपासून करतो. ह्यूमना २००१ चा गांधी शांतता पुरस्कार आपल्या सरकारने दिला होता, तेही सांगेन. ताई, तुम्ही याच. ती खिडकीची गोष्ट तुमच्याच तोंडून मंडळींना ऐकू दे.